फटीतली माती

अमरावती जिल्ह्यात चांदूर दोन आहेत, एक रेल्वे आणि एक बाजार. बाहेरच्या माणसाचा यात हमखास घोळ होतो, आणि त्यापायी भाचीने ऑनलाइन मागवलेले मडफ्लॅप आधी चांदूर रेल्वेची हवा खाऊन मग आपल्या बाजारात पोचले. (नरखेडचा मार्ग झाल्यापासून स्टेशन आमच्याकडेही आहे, पण नावात नसलेली रेल्वे कोण मोजतो?) खोक्यात चार काळे प्लास्टिकचे फ्लॅप, एका पुडीत स्क्रू, क्लिपा, चार लोखंडी चिमटे आणि घडीचा एक कागद. कागदावर चित्रंच चित्रं. शेवटच्या चित्रात ड्रिल मशीन काढलेलं होतं, आणि वाद तिथेच पेटला.

भाची परतवाड्याच्या कॉलेजात शिकवते, रोज गाडीने जाते-येते. गाडी नवी, पांढरी. मामा एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाले. नागपूरजवळच्या हिंगण्याच्या कार्यशाळेत बॉडीचं काम शिकले आणि नंतर डेपोत पत्र्याशीच उभा जन्म काढला. दोघांपैकी कोणालाही गप्प बसवायची सोय नाही. मी शेजारी म्हणून पाने-पकडी हातात द्यायला होतो, त्यामुळे हे सगळं कानावर पडलं.

भाची : ड्रिल लावायचं नाही, मामा. आधीच सांगून ठेवते.

मामा : मंग कायनं चिकटवतं? थुकीनं?

भाची : आहे त्याच स्क्रूच्या जागी बसतात. चाकाच्या वर आतून जो प्लास्टिकचा लायनर आहे, तो कंपनीने स्क्रूनेच धरलाय ना? तो स्क्रू काढायचा, फ्लॅप मधे घालायचा, स्क्रू परत लावायचा. झालं.

मामा : समोरच्याले होईन तसं. मांगं काय करशीन? मांगं दोन स्क्रू बंपरचे सापडते, तिसरी जागा पत्र्यातच येते. अवं बाई, एका भोकानं गाडी मरत नाई. एसटीले या हातानं म्या किती भोकं पाडली, त्याचा हिशेब चित्रगुप्ताजवय असन. जुन्या टायरचा रबरी पट्टा कापला, दोन रिबिटा ठोकल्या, काम खतम. अन् ते पट्टे गाडी भंगारात जायेपर्यंत टिकले.

भाची : एसटीचा पत्रा कशाचा होता, मामा?

मामा : अल्युमिनचा. काऊन?

भाची : म्हणून.

या एका ‘म्हणून’वर मामा थोडे थबकले. थबकायला हवंच होतं, कारण पोरीने नेमकं बोट ठेवलं होतं. लाल डब्बा म्हणून आपण जिला नावं ठेवत आलो त्या एसटीची बॉडी वर्षानुवर्षं लोखंडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून बांधली जायची. माइल्ड स्टीलच्या बॉड्या अलीकडच्या. ॲल्युमिनियमला भोक पाडलं की उघड्या कडेवर हवेनेच ऑक्साइडचा पातळ थर धरतो आणि पुढची खराबी बरीचशी तिथेच थांबते. मोटारीचं तसं नाही. तिचा पत्रा पोलादाचा, जाडी ०.७-०.८ मिलिमीटर. त्यावर बहुतेक ठिकाणी जस्ताचा हात, मग अख्खी बॉडी हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने चढवलेला प्रायमर, मग आणखी प्रायमर, रंग आणि वरून चमकीचा थर. रंगाचं हे सगळं पांघरूण मिळून एक दशांश मिलिमीटरच्या आसपास भरतं. ड्रिलची सुई ते सगळं एका दमात फाडते आणि भोकाच्या कडेला नागडं पोलाद उरतं. जस्त थोडे दिवस सांभाळून घेतं, कायमचं नाही. आणि एक गोष्ट दिसत नाही ती अशी की ड्रिलने निघालेला लोखंडाचा कीस पत्र्याच्या पोकळीत पडतो, तिथल्या ओलीत गंजतो आणि आतून रंग पोखरतो. बाहेर फुगवटा दिसेपर्यंत दोन पावसाळे सहज निघून जातात.

मामांचा हात चुकत नव्हता. तो दुसऱ्या धातूवर बसलेला हात होता एवढंच.

मामा : बरं, नाई पाडत भोक. पाडलंच तं त्याले रेडऑक्साइड लावता येते, रबरी गोमेट बसवता येते, वरून मेन फासता येते. आम्ही काय येडे होतो? पन राहू दे. तुले मी दुसरंच सांगतो. जंग भोकानं लागते असं तुले वाटते. जंग लागते गाऱ्यानं. ये माह्यासंगं.

समोरच्या घराच्या आडोशाला एक जुनी गाडी उभी असते, मालकाने कधीच हात काढून घेतलेला. तिला चारही फ्लॅप आहेत आणि एकही भोक पाडलेलं नाही, सगळं क्लिपांवर. मामांनी मालकाला हाक मारून विचारलं, स्टार पाना मागितला आणि डाव्या मागच्या चाकाचा फ्लॅप सोडवला. फ्लॅप सुटला, पण पडला नाही. मागे काळ्या मातीचं ढेकूळ इतकं घट्ट बसलं होतं की त्याच्यावरच तो चिकटून राहिला. पेचकसाच्या टोकाने ते उकरलं तेव्हा वरची ढलपी कोरडी खणखणीत निघाली, आतली मात्र ओलसर. पाऊस होऊन चांगले आठ दिवस झाले असतील. त्याखाली रंगाची चमक गेलेली, बारीक वाळूने घासून घासून तिथे पांढुरका चंद्रकोरीसारखा पट्टा पडलेला. आणि चाकाच्या कमानीची जी आत वळवलेली कड असते, तिथे लोखंडी चिमटा रंगात रुतून पत्र्यापर्यंत पोचलेला. चिमट्याच्या दोन्ही बाजूंना तांबूस ओघळ.

मामा : पाय. भोक कुठी हाय?

भाची काही बोलली नाही. मोबाइल काढून तिने फोटो घेतला.

इथे आपल्या मातीविषयी दोन शब्द. वऱ्हाडची काळी माती म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या बेसॉल्टची झीज. तिच्यातल्या चिकणमातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर. त्याचे थर पानांसारखे एकावर एक, आणि पाणी मिळालं की त्या पानांमध्ये शिरतं, माती फुगते. उन्हाळ्यात तीच आकसते आणि वावरात पाय जाईल अशा भेगा पडतात. पऱ्हाटी आणि तूर या मातीवर पोसतात ते याच गुणामुळे, कारण पाणी धरून ठेवावं तर हिनेच. पण पिकाला जे अमृत ते पत्र्याला विष. फ्लॅपमागे बसलेला हा गारा म्हणजे रंगावर बांधलेलं ओलं पोटीसच. सूर्य वरून वाळवतो, आत ओल तशीच. पूर्णेच्या खोऱ्यात खाली उतरलं, दर्यापूर-भातकुलीकडच्या खारपाणपट्ट्यात गेलं, की मातीत सोडियमही जास्त. ती चिकटते अधिक, आणि क्षारांमुळे गंजाला जोर चढतो तो वेगळाच.

मामा : म्हनून म्हन्तो, फ्लॅपच लावू नको. कंपनीनं दिले नसन तं काई इचार करूनच दिले नसन ना. पांदनीत मोटरसायकलवाले पाय. समोरच्या मडगार्डात गारा भरला का चाक जाम होते. मंग बसते बिचारे तुराटीच्या काडीनं उकरत. कितीक जन तं पावसायाभर मडगार्ड काढूनच ठेवते. बंडीच्या चाकाले मडगार्ड असते काय? ट्रॅक्टरले असते, पन चाकापासून हातभर लांब. कायी माती जागा मांगते. जागा देली तं पडून जाते, नाई देली तं घर करते.

हा मुद्दा मला पटला. कारखान्यात ओतीव प्लास्टिकचे फ्लॅप कमानीला नेमके बसावेत म्हणून जेवढे घट्ट बनवतात, तेवढी आपल्याकडे त्यांची अडचण वाढते. एसटीचा रबरी पट्टा सुटा लोंबत असे, हलत असे, हलता हलता चिखल झटकत असे. मोटारीचा कडक फ्लॅप हलत नाही. धरतो ते धरूनच ठेवतो.

पण भाचीने मास्तरीण आहे हे दाखवून दिलं. ती मामांना गाडीच्या बाजूला घेऊन गेली, दाराच्या खाली बसायला लावलं आणि टॉर्च लावला.

भाची : हे बघा. मागच्या दाराच्या खालची पट्टी. मोजा किती टिपके आहेत.

मामा : हे त... गिट्टी लागली.

भाची : कोणाची गिट्टी? समोरच्या ट्रकची नाही. माझ्याच पुढच्या चाकाची. परतवाड्याच्या रस्त्याला जिथे जिथे डांबर उखडून गिट्टी वर आलीय, तिथे पुढचं चाक खडा उचलतं आणि मागे फेकतं. तो माझ्याच दारावर बसतो. तुमच्या पांदणीत मी महिन्यातून एखाद वेळा जाते, संत्र्याच्या बागेत, आणि तेही पाऊस नसताना. रोज जाते ती डांबरावरून. आणि यात्रेत? बहिरमला २० डिसेंबरपासून महिनाभर गाड्यांची रांग असते, तेव्हा चिखल कुठे असतो? गिट्टी आणि धूळच. खडा एकदा रंग फोडून पत्र्याला लागला की गंज तिथेही सुरू होतोच ना?

मामांनी बोट फिरवलं. टिपके नखाला लागत होते. दोन ठिकाणी रंगाखालचा राखाडी प्रायमर दिसत होता, एका ठिकाणी त्याच्याही खालचं.

मामा : समोरचे लावू.

एवढंच म्हणाले. पण मला वाटतं खरा फरक इथे कळतो, आणि फ्लॅप विकणारे तो कधी सांगत नाहीत. पुढच्या चाकाचा फ्लॅप आपल्या गाडीसाठी, मागच्याचा इतरांसाठी. पुढचं चाक जे उडवतं ते आपल्या दारांवर. मागचं चाक जे उडवतं ते थोडं आपल्या बंपरवर आणि बाकी मागून येणाऱ्या स्कूटीवाल्याच्या सदऱ्यावर. आणि डबक्यातून गाडी घातली की बाजूला जो फवारा उडतो, शाळेच्या पोरांचे पांढरे सदरे खराब करणारा, त्याला कोणताच फ्लॅप अडवत नाही. त्याला ब्रेकच लागतो.

समोरचे बसवायला लागलो. दुसऱ्या दिवशी सकाळचं ऊन होतं. स्टीयरिंग पूर्ण डावीकडे वळवलं की डाव्या चाकामागची जागा उघडी पडते, जॅक लावावा लागत नाही. भाचीने ती जागा आधी धुतली, पुसली, कोरडी होऊ दिली, मग स्पिरिटच्या बोळ्याने कमानीची कड साफ केली. लायनरचे दोन स्क्रू मामांनी हाताच्या पान्याने काढले. परत कसायला मी मशीनला स्टार बिट लावून देत होतो, तर हातच झटकला.

मामा : मशीन काढाले चालते, कसाले नाई. प्लास्टिकचा पेच हाय. एक आटा जास्त झाला का आतली नटपट्टी फिरते, मंग ना घर का ना घाट का.

फ्लॅप नुसता धरून बघितला. एका कोपऱ्यात तो कमानीपासून बोटभर सुटा राहत होता, कुरिअरच्या गाडीत दबून वाकलेला. भाचीने घरातून केसांचा ड्रायर आणला, प्लास्टिक गरम केलं, हाताने वळवलं, थंड होईस्तोवर दाबून धरलं. मामांना हे नवीन होतं. त्यांनी ड्रायर हातात घेऊन उलटापालटा पाहिला.

मग भांडण झालं ते फटीवरून.

भाची : अगदी चिकटून बसला पाहिजे. फट राहिली तर वाळू जाईल आणि घासेल.

मामा : चिकटला तरी वाळू जातेच. गाडी थरथरते, फ्लॅप थरथरते, वाळूले रस्ता भेटते. अन् एकदा घुसली का निंगाले जागा नाई. फट ठेव. एवढी ठेव का वॉशिंगवाल्याचं पानी आरपार गेलं पायजे.

भाची : फट ठेवली तर तुमचा गारा बसेल.

मामा : बसन. पन पान्यानं निंगन. घट्ट असन तं बसन बी अन् निंगनार बी नाई.

दोघंही थोडे थोडे बरोबर होते, आणि दोघांच्याही बोलण्यावर उपाय एकच निघाला. जिथे फ्लॅप रंगाला टेकणार, तिथे आधी पारदर्शक फिल्मची पट्टी लावायची, दारांच्या कडांना आणि हँडलमागे लावतात तीच जाड फिल्म. घासायचं असेल ते फिल्मला घासो. भाचीजवळ तिचा एक तुकडा होता. पुढच्या दोन कमानींपुरती पट्टी निघाली. फिल्म लावताना तिने साबणाचं पाणी शिंपडलं, प्लास्टिकच्या कार्डाने बुडबुडे काढले, कड कमानीच्या आत वळवून घेतली. मामांनी वर फ्लॅप स्क्रू आणि क्लिपेने बसवला आणि खालच्या बाजूने फट सोडली. चिकटूही दिला नाही आणि हलूही दिला नाही.

मग तपासणी. स्टीयरिंग पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे, टायर कुठे लागतो का. गाडीत माणसं बसली की चाक कमानीत वर सरकतं, म्हणून आम्हा सगळ्यांना आत बसवून मामा बाहेर उकिडवे बसले. जमिनीपासून अंतर त्यांनी ओंजळीने मोजलं. स्पीडब्रेकरला घासणारा फ्लॅप महिन्यात तुटतो, असं त्यांचं म्हणणं. आपल्याकडे गावात शिरताना जे ब्रेकर घातलेले असतात, ते पाहता महिना म्हणजे उदारपणाच.

या तपासणीतच एक गोष्ट झाली. वाद सुरू झाला तेव्हा क्लिपा कच्च्या म्हणून मामा त्यांना नावं ठेवत होते. आता गाडी मागे घ्यायची वेळ आली तेव्हा अंगणाच्या उंबरठ्यावर पुढचा फ्लॅप अडकला, वाकला आणि खालची क्लिप टक्कन सुटली. फ्लॅप लटकला. कमानीला, बंपरला, रंगाला काही झालं नाही.

मामा : पायलं? हे चांगलं झालं.

भाची : काय चांगलं झालं? क्लिप गेली ना.

मामा : क्लिपच जाऊ दे. बागंत तू गाडी मांगं घेशीन, धुऱ्यावर फ्लॅप अडकन. पत्र्यात सेल्फ स्क्रू असता तं फ्लॅप सुटला नसता, पत्राच वाकला असता, नाई तं बंपर उपटून आला असता. एसटीले असं झालं का आम्ही रबर फाडाले मोकये होतो, रबर नरम असते. हे प्लास्टिक कडक हाय. तुटायचं तं यानं तुटाव, बॉडीनं नाई. तुहं भोक न पाडनं बरोबर हाय. पन जंगासाठी नाई, यासाठी.

भाचीला हा विजय मान्य नव्हता. तिला गंजासाठीच जिंकायचं होतं. ती म्हणाली, दोन्हींसाठी. मामा म्हणाले, एकासाठी. यावर पाच मिनिटं गेली, ती इथे सांगण्यासारखी नाहीत.

राहिला धुण्याचा प्रश्न. बाहेरून प्रेशरने पाणी मारलं म्हणजे फ्लॅपमागचं धुतलं जातं असं नाही. उलट उंबऱ्याच्या पत्र्याखाली, दारांच्या बुडाशी जी पाणी निघायची बारीक छिद्रं असतात, त्यात गारा आत ढकलला जातो आणि छिद्र बुजतं. म्हणून पाणी चाकाच्या बाजूने, तिरपं, वरून खाली. हे दोघांनाही मान्य. मामांनी वेळापत्रकही दिलं : मृग लागायच्या आत फ्लॅप तपासून घट्ट करायचे, आणि दसऱ्याला गाडी धुवून हार घालतोच आपण, तेव्हा चारही काढून मागची जागा धुवायची, कोरडी करायची, फिल्म खराब झाली असेल तर बदलायची. दसऱ्याची पूजा करताना बोनेट पुसून चमकवतो आणि कमानीत मातीचं ढेकूळ तसंच ठेवतो, हे त्यांना कधीच पटलेलं नाही. एसटीत असताना आधी खालचं धुवायचं, मग वरचं, असा दंडक होता म्हणे.

मागच्या दोन फ्लॅपचं अजून जमलेलं नाही. मागे बंपरचे दोन स्क्रू मिळतात. तिसऱ्या जागेसाठी तो लोखंडी चिमटा कमानीच्या कडेवर चावतो. जुन्या गाडीवर त्याने काय केलं ते पाहिल्यावर चिमटा कोणालाच नको होता.

मामा : चिमटा टाकून दे. दोन पेचावर राहू दे.

भाची : दोन पेचांवर वारा लागला की फडफडेल. हायवेला तर नक्कीच. फडफडला की घासतो, आणि तेच तर टाळतोय आपण.

मामा : मंग वरून तिरका कापून टाक, रंगाले टेकूच नको.

भाची : कापला तर उघड्या भागातून खडे बंपरवर येतील.

मामा : बंपर प्लास्टिकचा हाय. त्याले जंग लागत नाई.

भाची : रंग जातो ना पण.

मामा : रंग गेला तं जाऊ दे. पत्रा जाऊ नये.

भाची : चिमट्याखाली फिल्म दुहेरी लावू आणि चिमट्याच्या दातांना रबर चिकटवू. सायकलच्या ट्यूबचा तुकडा चालेल.

ट्यूबचं नाव ऐकल्यावर मामा उठून मागच्या खोलीत गेले आणि जुनी ट्यूब घेऊन आले. रबर मात्र जाड निघालं, चिमटा कडेवर बसेना. पातळ ट्यूब आणि फिल्मचा मोठा तुकडा दोन्ही अमरावतीहून आणायचं ठरलं, तोवर मागचे फ्लॅप खोक्यात.

भाची : तोवर मागच्या स्कूटीवाल्याचं काय?

मामा : त्याच्यासाठी हयू चालव.